देवाला जाब विचारावा का?

देवाला प्रश्न विचारणे म्हणजे नास्तिकपणा, असे आमच्याकडे समजतात. घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. त्यामुळे माझ्या शंकांचा ठपका थेट पुस्तकांवर येतो. पण पुस्तके उघडावीत, तर संतच देवाशी भांडताना दिसतात! जनाबाई विठोबाला चक्क शिव्या देते. सोयराबाई विचारते, देहच विटाळातून घडला, तर सोवळा कोण?

त्यांचा मुलगा कर्ममेळा तर मला सर्वांत जवळचा वाटतो. चोखोबा निदान पूर्वकर्माकडे बोट दाखवतात. मुलगा तेवढेही समाधान करून घेत नाही. आम्हाला हीन जातीत जन्म का दिलास, असा त्याचा रोकडा सवाल आहे. याला अश्रद्धा कसे म्हणावे? जो नाहीच असे वाटते, त्याच्याशी कोण भांडेल?

मात्र हा सवाल एकट्या देवाला नव्हता. चोखोबा गेले १३३८ साली. त्यांची समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेर. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षे उत्तर थकले होते, ते माणसांकडे.