आधी देश, मग प्रमाणपत्र

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांना ती शिकवण्याच्या व्यवसायाला ‘टेफल’ किंवा ‘टेसॉल’ असे म्हटले जाते. ही नावे कोणत्याही विद्यापीठाच्या, मंडळाच्या वा शासनाच्या मालकीची नाहीत, त्यामुळे ती छापलेले प्रमाणपत्र कोणीही, कोठेही आणि वाटेल ते शुल्क घेऊन देऊ शकतो. परदेशी नोकरीच्या आशेने पैसे भरणाऱ्या शिक्षकांना ही गोष्ट बहुधा पैसे भरून झाल्यावर कळते, आणि प्रस्तुत लेखिकेलाही ती तशीच कळली. महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे डोळे परदेशाकडे का लागतात, हे येथे वेगळे सांगण्याचे कारण नाही. कोणत्या देशात आणि कोणत्या प्रकारच्या संस्थेत शिकवायचे हे ठरल्यावाचून प्रमाणपत्र निवडता येत नाही, आणि प्रमाणपत्र विकणाऱ्यांचा व्यवसाय मात्र हा क्रम उलटा ठेवण्यावरच चालतो, एवढे मात्र सांगणे भाग आहे.

या क्षेत्रातील प्राथमिक प्रमाणपत्रांपैकी दोन प्रमाणपत्रे जगभरातील भाषाशाळा आणि महाविद्यालये नावानिशी ओळखतात : केंब्रिज विद्यापीठाच्या इंग्रजी परीक्षा विभागाचे ‘सेल्टा’ आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचे ‘सर्टटेसॉल’. सेल्टाची परंपरा जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या अल्प मुदतीच्या शिक्षक-प्रशिक्षणापर्यंत मागे जाते. प्रशिक्षणार्थ्याने खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून शिकवावे आणि जाणकाराने ते पाहून त्यावर बोलावे, हा त्या प्रशिक्षणाचा गाभा आजही टिकून आहे. सेल्टामध्ये प्रशिक्षकांसोबतचे किमान १२० तास, दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरील विद्यार्थ्यांना शिकवण्याचे ६ निरीक्षित तास, अनुभवी शिक्षकांच्या पाठांचे ६ तासांचे निरीक्षण आणि ४ लेखी स्वाध्याय अंतर्भूत असतात, आणि केंद्राबाहेरून आलेला मूल्यमापक प्रत्येक तुकडीची तपासणी करतो. ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमाचे किमान १३० तास असून त्यातही निरीक्षित अध्यापनाचे ६ तास सक्तीचे आहेत. शिवाय एखादी संपूर्ण अनोळखी भाषा काही तास शिकून, नवशिक्या विद्यार्थ्याला काय वाटत असते याचा अनुभव प्रशिक्षणार्थ्याला घ्यावा लागतो. दोन्ही प्रमाणपत्रे इंग्लंडच्या पात्रता-चौकटीत पाचव्या स्तरावर असून ‘ऑफक्वाल’ या तेथील शासकीय नियामकाच्या देखरेखीखाली येतात. २०२० पासून सेल्टा संपूर्णपणे ऑनलाइन करण्याचीही सोय आहे, त्यामुळे अभ्यासक्रम ऑनलाइन आहे म्हणून तो हिणकस ठरत नाही. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवणे आणि ते कोणीतरी पाहणे त्यात आहे की नाही, यावरच त्याचे मोल ठरते.

बाजारातील असंख्य स्वस्त प्रमाणपत्रेही ‘१२० तास’ हाच आकडा मिरवतात. तेथे मात्र हे तास म्हणजे संगणकाच्या पडद्यावर वाचायच्या मजकुराचा अंदाजे हिशेब असतो; तो संस्थेनेच केलेला असतो आणि चार दिवसांत सारे संपवणाऱ्यालाही प्रमाणपत्रावर १२० तासच लिहून मिळतात. याच्या जोडीला येतो तो ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हा शब्दप्रयोग. एखादी पात्रता शासकीय नियामकाच्या नोंदवहीत असणे वेगळे, आणि एखाद्या खासगी संस्थेने शुल्क घेऊन दुसऱ्या खासगी संस्थेला अधिस्वीकृती देणे, म्हणजे तिच्या दर्जाची ग्वाही देणे, वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या ग्वाहीवर कायद्याचे बंधन नसते, आणि काही वेळा ग्वाही देणारी व घेणारी संस्था एकाच चालकांची असते. म्हणून मान्यतेचे बोधचिन्ह दिसले की मान्यता देणाऱ्याला ती कोणी दिली, हे विचारणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखिकेने काहीच विचारले नव्हते असे मुळीच नाही. पुण्यातील ज्या संस्थेकडे तिने पैसे भरले, त्या संस्थेला अभ्यासक्रमात प्रत्यक्ष अध्यापन आहे काय, असा प्रश्न तिने शुल्क भरण्यापूर्वी ईमेलने विचारला होता, आणि ‘प्रॅक्टिकम उपलब्ध आहे’ असे लेखी उत्तर तिला मिळाले होते. प्रॅक्टिकम म्हणजे प्रशिक्षणकाळातील प्रत्यक्ष अध्यापन. या संस्थेच्या लेखी मात्र त्याचा अर्थ असा निघाला की, उमेदवाराने स्वतःच कोठेतरी वर्ग मिळवावा, मोबाइलवर एक पाठ चित्रित करून पाठवावा आणि त्यासाठी वेगळे शुल्क भरावे. ‘उपलब्ध’ हा शब्द येथे दुकानातील फळीवर ठेवलेल्या मालासारखा वापरला गेला होता. आखाती देशांत थेट नियुक्ती मिळवून देण्याचे आश्वासन तोंडी होते, आणि ते देणारा समुपदेशक शुल्क भरेपर्यंत दिवसातून दोनदा फोन करत असे.

या प्रमाणपत्राची खरी किंमत उघड झाली ती ओमानमधील एका महाविद्यालयाच्या मुलाखतीत. ओमानच्या उच्च शिक्षणात पदवीपूर्वी इंग्रजीची तयारी करून घेणारा पायाभूत अभ्यासक्रम असतो, आणि त्यासाठी परदेशी शिक्षक घेताना एम.ए., अध्यापनाचा अनुभव आणि सेल्टा किंवा तत्सम प्रमाणपत्र यांची मागणी सर्रास केली जाते. दूरदृश्य संवादाद्वारे झालेल्या त्या मुलाखतीत लेखिकेच्या एम.ए. पदवीबद्दल आणि महाविद्यालयीन अनुभवाबद्दल आदराने बोलले गेले; त्यानंतर विभागप्रमुखाने विचारले की, या अभ्यासक्रमात आपण किती पाठ, कोणत्या पातळीच्या विद्यार्थ्यांसमोर घेतलेत आणि ते कोणी पाहिले. प्रश्नात उपहास नव्हता, तो नेहमीचा प्रश्न होता, आणि म्हणूनच तो अधिक लागला. कारण हा प्रश्न विचारला जातो हे प्रमाणपत्र विकणाऱ्यांना ठाऊक नसणे शक्य नव्हते. वर्षानुवर्षे खचाखच भरलेल्या वर्गांत शिकवलेली व्यक्ती त्या क्षणी ‘एकही नाही’ असे उत्तर देण्यास बांधील होती. विभागप्रमुखाने सौजन्याने सांगितले की, हे प्रमाणपत्र त्यांच्या निकषात मोजले जाणार नाही.

यानंतरचे संस्थेचे वर्तन सविस्तर नोंदवण्याजोगे आहे, कारण अशा संस्थांच्या वागण्याचा साचा त्यात दिसतो. प्रथम ते महाविद्यालयच अपवादात्मक असल्याचे सांगण्यात आले. मग, कमी तासांच्या प्रमाणपत्रामुळे ही अडचण आली असून ‘प्रगत’ अभ्यासक्रम सवलतीत देता येईल, असा प्रस्ताव आला. म्हणजे ज्या उणिवेची तक्रार होती तीच उणीव आणखी काही तासांच्या वाचनासह पुन्हा विकण्याची तयारी होती. परतावा मागताच अटी-शर्तींतील एका ओळीकडे बोट दाखवण्यात आले, ज्यात नोकरीची जबाबदारी संस्थेची नाही असे म्हटले होते. शेवटी समुपदेशक बदलला आणि नव्या समुपदेशकाकडे जुन्या संभाषणाची नोंद नव्हती.

या संस्थांचे सर्वांत मोठे मौन पासपोर्टाविषयी असते. दक्षिण कोरियात इंग्रजी भाषाशिक्षकाचा ‘ई-२’ व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठीच आहे. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापक आर्थिक भागीदारी करारात भारतीयांसाठी असलेली वाट शाळांतील सहायक शिक्षकांपुरती आहे. चीनमध्ये १२० तासांचे प्रमाणपत्र दोन वर्षांच्या अनुभवाच्या जागी खरोखरच चालते, परंतु सर्वसाधारणपणे इंग्रजीभाषक मानलेल्या देशांच्या नागरिकांनाच. जपानमध्ये शाळेत शिकवणाऱ्या भाषाशिक्षकाला त्या भाषेच्या माध्यमातून १२ वर्षे शिक्षण झाल्याचे दाखवावे लागते, ज्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या इंग्रजीच्या एम.ए. धारकाची अडचण होते आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला शाळेचा दाखला जपून ठेवावा लागतो. थायलंडमध्ये पदवी लागते, आणि बिगर-इंग्रजीभाषक देशांतील शिक्षकांकडून बहुधा टोइक किंवा आयेल्ट्ससारख्या परीक्षेतील गुणही मागितले जातात. जाहिरातींतील यशोगाथा म्हणजे बहुतेक वेळा या सात देशांतील तरुणांच्या कथा असतात. त्या खोट्या नसतात, त्या फक्त दुसऱ्या पासपोर्टावर घडलेल्या असतात.

या भेदभावाला सैद्धांतिक आधार नाही, हे भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. काश्मीरमध्ये जन्मलेले ब्रज काचरू यांनी इंग्रजीची ‘आतले’, ‘बाहेरचे’ आणि ‘विस्तारणारे’ अशी तीन वर्तुळे कल्पून भारतासारख्या बाहेरच्या वर्तुळातील इंग्रजीला स्वतःचे प्रमाण असल्याचे प्रतिपादन केले, तर रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात मातृभाषक हाच आदर्श शिक्षक असतो या समजुतीला तर्कदोष ठरवले. तथापि व्हिसाचे अर्ज तपासणारा अधिकारी काचरूंचे सिद्धांत वाचून निर्णय देत नाही, आणि भारतीय उमेदवाराला प्रत्यक्षात आखाती देश व आग्नेय आशियातील मोजके देश याच मर्यादेत विचार करावा लागतो.

यावरून काही सूचना करता येतात. प्रथम देश आणि संस्थेचा प्रकार निश्चित करावा, त्या प्रकारच्या पदांच्या जाहिराती वाचून त्यांत कोणते प्रमाणपत्र नावाने मागितले आहे हे पाहावे, आणि मगच पैसे भरावेत. महाविद्यालये आणि प्रौढांच्या भाषाशाळा सेल्टा किंवा सर्टटेसॉल मागतात; शाळांना मात्र बी.एड. किंवा अध्यापनाचा परवाना हवा असतो आणि तेथे सेल्टा त्याची जागा घेऊ शकत नाही. सेल्टाचे शुल्क लाखाच्या घरात जाते हे खरे असले, तरी कामास न येणाऱ्या दोन स्वस्त प्रमाणपत्रांपेक्षा ते अंती परवडते.

कागदपत्रांच्या साक्षांकनाचा, म्हणजे ती अस्सल असल्याची शासकीय खात्री मिळवण्याचा विचार निवडीच्या वेळीच करावा. महाराष्ट्रातील विद्यापीठाची पदवी आधी राज्य पातळीवर आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित होते. कागदपत्रे परस्पर मान्य करण्याच्या अपोस्टिल करारातील ओमानसारख्या देशासाठी तेवढ्यावर भागते, तर संयुक्त अरब अमिरातीसाठी दूतावासाचा शिक्काही लागतो. परदेशी कंपनीने दिलेल्या प्रमाणपत्राचे साक्षांकन मात्र ते जेथून दिले गेले त्या देशातच करावे लागते, आणि हा खर्च कोणताही समुपदेशक सांगत नाही. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, पासपोर्टावर नावांचा क्रम वेगळा असतो आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत नावच वेगळे असू शकते. म्हणून प्रमाणपत्रावरील नाव पासपोर्टाबरहुकूम लिहून घ्यावे.

नोकरीचे आश्वासन देणाऱ्याला त्याचा परवाना विचारावा. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे, अशा भरती-एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय प्रणालीवर पाहता येते, आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर इतकी आहे. प्रस्तुत लेखिकेला नियुक्तीचे आश्वासन देणारी संस्था त्या यादीत नव्हती. याखेरीज सर्व पावत्या जपाव्यात, घाईने निर्णय घेऊ नये आणि आधी तेथे गेलेल्यांशी बोलावे, हे नेहमीचेच सल्ले आहेत, आणि ते पाळूनही फसवणूक होऊ शकते.

तोंडी आश्वासन मात्र त्याच दिवशी ईमेलने उलट पाठवून त्यावर होकार मागावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि तेथे फोनवरील गोड बोलण्यापेक्षा असा एक ईमेल अधिक उपयोगी पडतो. लेखिकेचा परतावा अद्याप मिळालेला नाही. ‘प्रॅक्टिकम उपलब्ध आहे’ हे लेखी वाक्य मात्र तिच्याकडे सुरक्षित आहे, आणि त्याचा अर्थ काय हे आता संस्थेला आयोगासमोर सांगावे लागणार आहे.