रोगनिदानासाठी ऊतकांचे नमुने टिकविण्याच्या पद्धती

उन्हाळ्यात चंद्रपूर भागात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत मेलेल्या जनावराचे यकृत काही तासांतच कुजू लागते. पावसाळ्यात भामरागड, एटापल्ली भागांतील अनेक गावांचे रस्ते पुरामुळे बंद पडतात. नमुना वाटेतच कुजला तर रोग ओळखता येत नाही व उरलेला कळप धोक्यात राहतो. म्हणून ऊतकाचे स्थिरीकरण, म्हणजे ते जिवंतपणी होते तसे राखणे, अगत्याचे आहे. त्याच्या प्रमुख पद्धती अशा :

फॉर्मॅलिन : जर्मनीतील फेर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ साली याचा उपयोग दाखविला. बाजारातील फॉर्मॅलिनचा १ भाग ९ भाग पाण्यात मिसळावा. यात प्रथिने परस्परांस जखडली जातात व पेशींची रचना टिकते. मात्र द्रावण हळूहळू मुरते. म्हणून तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नसावा व द्रावण त्याच्या किमान दहापट असावे.

मद्यार्क : हा ऊतकातील पाणी शोषून घेतो, त्यामुळे तुकडा आकसतो व कडक होतो. फॉर्मॅलिन नसेल तरच वापरावा.

बुएँचे द्रावण : यात पेशीकेंद्रे स्पष्ट दिसतात. परंतु त्यातील पिक्रिक आम्ल वाळल्यास स्फोटक बनते. खेड्यात ते वापरू नये.

बर्फ : याने स्थिरीकरण होत नाही, पण कुजणे मंदावते. फॉर्मॅलिनमध्ये रोगजंतू मरतात, म्हणून जंतूंच्या वाढीच्या तपासणीसाठी दुसरा नमुना बर्फावर पाठवावा. काचपट्टीसाठीचा तुकडा मात्र गोठवू नये. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात.

यावरून गावपातळीवर फॉर्मॅलिन व बर्फ यांची जोडी सर्वांत उपयुक्त ठरते. बरणी रुंद तोंडाची घ्यावी, कारण कडक झालेला तुकडा अरुंद तोंडातून निघत नाही. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी; शाई पुसली जाते. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांस झोंबते, तेव्हा हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करावे.

नमुने पशुवैद्यकाकडूनच काढवावेत. जनावर अचानक मरून नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर फाशी रोगाचा संशय धरावा. असे शव मुळीच फाडू नये. तो रोग माणसालाही होतो. त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.