अकोल्यातला मे आणि केकची हौस

पाककृतीत लिहिलेलं असतं, 'लोणी खोलीच्या तापमानाला आलेलं घ्या.' लिहिणाऱ्याची खोली असते वीस-बावीस अंशांची. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, २०२० च्या मे महिन्यात तर तो ४७ च्याही वर गेला होता. अशा दिवसांत ओट्यावर ठेवलेलं लोणी मऊ होत नाही, त्याचं सरळ तेल होतं. आणि घरची माणसं गोळा होतात ती नेमकी याच महिन्यात. शाळांना सुट्ट्या, लग्नसराई, पुण्या-मुंबईहून आलेले दीर-नणंदा आणि त्यांची मुलं. आमरसावर आडवा हात मारून झाला की त्या मुलांना केक हवा असतो.

मामाजींच्या पंच्याहत्तरीला मी लोणी-साखर फेटून करायचा केक धरला होता. फेटताना साखरेचे कण लोण्यात हवा कोंडतात, त्यावरच केकचा हलकेपणा असतो. लोणी वीस अंशांच्या जवळपास असेल तर ती हवा टिकते, पातळ झालं की निसटते. मग कितीही वेळ फेटा, हात तेवढा दुखतो. केक आला तो बसका आणि तुपकट. त्यावर क्रीमचे थर चढवले, ते बघता बघता एका बाजूला घसरले. आतेसासूबाईंनी चष्मा सावरून ताटात पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून व सूनबाई, केक हाये का कढी हाये हे?" सगळे हसले, मामाजी सर्वांत जास्त.

तेव्हापासून उन्हाळ्यात मी लोण्याच्या वाटेला जात नाही. तेल, दही आणि खायचा सोडा घालून केलेला केक इथल्या हवेला मानवतो, कारण त्यात हवा कोंडायचं काम लोण्याकडे नसतंच. दह्यातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, तोच केक फुगवतो. अंडं लागत नाही, त्यामुळे उपासतापासवाली मंडळीही बाजूला पडत नाहीत. (तरी कुणाचा गुरुवार, कुणाची एकादशी हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं. केकमध्ये मैदा असतो, आणि हे नेमकं ताट पुढे आल्यावर आठवतं.) फक्त एक पथ्य आहे. सोडा पडला की वायू लगेच सुटायला लागतो आणि गरम हवेत अधिकच घाईनं. आमच्याकडे 'थांब, मोठा भाचा स्टेशनवरून येऊ दे' म्हणून मिश्रण ओट्यावर राहतं आणि भाचा येईपर्यंत केकची वीट होते. आधी ओव्हन तापवायचा, भांड्याला तूप-मैदा लावून ठेवायचा, सोडा अगदी शेवटी घालायचा. पाहुणे वाट पाहतील, सोडा नाही.

सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एक कप मैद्याला पावडर चहाचा एक चमचा लागते, सोडा पाव चमचा पुरतो. चमचाभर सोडा पडला तर केक तपकिरी होतो आणि तोंडात साबणाची चव येते. मापाचंही तसंच. 'वाटी' प्रत्येक घरात वेगळी असते. सगळं एकाच वाटीनं मोजलं तर प्रमाण तरी बिघडत नाही, पण सोडा मात्र चमच्यानं मोजायचा असल्यामुळे वाटी मोठी निघाली की तो कमी पडतो. छोटा वजनकाटा घेतला की हा घोळ संपतो.

क्रीमच्या बाबतीत बहुतेकींचं एकाच ठिकाणी चुकतं. किराणा दुकानात मिळणारी फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाची असते, ती फेटून उभी राहत नाही. त्याला तीस टक्क्यांच्या वरची क्रीम लागते, नाहीतर बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातली गोठवलेली व्हिपिंग क्रीम. ती ओट्यावर वितळवायची नाही, रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. फेटताना भांडं बर्फात असावं आणि फेटणं पहाटे उरकावं. एवढं करूनही दुपारच्या पंगतीला क्रीमचा केक तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. तो नुसता ओघळतच नाही, बाधतोही. जठारपेठेतून डाबकी रोडला स्कूटरवर न्यायचा असेल तर क्रीम वेगळ्या डब्यात बर्फावर न्या, तिथे जाऊन लावा.

नानकटाईची कथा वेगळी. पूर्वी बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या आणि डबे भरून आणायच्या. आता घरीच करतात आणि सगळ्या नानकटाया पसरून ताटभर एकच पोळी झाली म्हणून हळहळतात. उन्हाळ्यात डब्यातलं तूप पातळच असतं, ते तसंच मळलं की हे होणारच. तूप फ्रिजमध्ये घट्ट करून घ्या, वळलेले गोळेही भाजण्यापूर्वी अर्धा तास गार करा. आणि भाजून झालेल्या नानकटाया कूलरसमोर निवत ठेवू नका. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असली तरी कूलर पाणी उडवतो, नानकटाया संध्याकाळपर्यंत मऊ पडतात.

भाजताना लाइट गेली तर घाबरून दार उघडू नये. आतली धग काही मिनिटं काम करते. पहिल्या दहा मिनिटांतच गेली असेल तर भांडं काढून गॅसवरच्या कुकरमध्ये ठेवावं, तळाला मिठाचा थर, शिट्टी आणि रबर काढलेलं. म्हणून उन्हाळ्यात मी केकचं भांडंच कुकरमध्ये मावेल असं घेते.

आणि अननसाचं पुडिंग. जिलेटिन शरीराच्या उष्णतेलाच विरघळतं, मग आमच्या दुपारी ते कुठून टिकणार? शिवाय कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन त्याला घट्ट होऊच देत नाही, अननस आधी उकळावा लागतो. त्यातून जिलेटिन प्राणिज, शाकाहारी घरात प्रश्नच मिटला. चायना ग्रास वापरा. ते एकदा आळलं की साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणजे अकोल्यातही निभावतं. उकळताना मात्र पूर्ण विरघळू द्या, नाहीतर खाताना दोऱ्या लागतात.

लोण्याचा केक करायची हौस असेल तर तो डिसेंबरात करावा. तेव्हा अडचण उलटी असते, लोणी दगडासारखं राहतं आणि फ्रिजमधलं गार दही घातलं की मिश्रण फाटतं. लोणी-दही दोन्ही सकाळीच बाहेर काढायची आणि उन्हाच्या खिडकीशी अर्धा तास ठेवायची.