परसातली सोप : लावावी कशी, वापरावी कशी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन आलो की घरोघरी रब्बीची कामे सुरू होतात. सोप पेरण्याची वेळही हीच, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून हळद, आले, मिरी, पिंपळी, हिरडा, आवळा जवळ ठेवण्याची मुभा दिलेली आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि आरोग्य यांचे नाते इतके जुने आहे. मात्र कोणती वस्तू कुणाला चालते, हे तपासूनच घ्यावे लागते.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपण जिला सोप किंवा बडीशेप म्हणतो ती एक. बारीक दाण्याची विलायती सोप वेगळी. तिची लागवड आपल्याकडे फारशी होत नाही. बाळंतशेप म्हणजे शेपूचे बी. आणि मसाल्यातले चक्रफूल हे तर चीन-व्हिएतनामकडच्या एका झाडाचे फळ. सोप, विलायती सोप आणि चक्रफूल यांचा वास सारखा, कारण तिन्हींत ॲनेथोल हे एकच सुगंधी द्रव्य आहे. झाडे मात्र निराळी, आणि पुढे बाळांविषयी सांगताना हा फरक महत्त्वाचा ठरेल.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि सोपेला साचलेले पाणी सोसत नाही, मुळे कुजतात. म्हणून अंगणात उंच वाफा करावा. कुंडीत लावायची तर ती फूटभर तरी खोल हवी, कारण मूळ सरळ खाली जाते. दोन भाग माती, एक भाग जुने कुजलेले शेणखत, एक भाग रेती हे मिश्रण चांगले. बी रात्रभर भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल टोकावे, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. आठवडा-दोन आठवड्यांत उगवते. फुलोऱ्यावर मावा आला तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून शिंपडावी. दाणे तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि सगळी छत्रे एकदम पिकत नाहीत; जसजशी भरतील तसतशी कापून सावलीत वाळवावी, म्हणजे रंग हिरवा राहतो. बाजारातली फारच हिरवीगार सोप दिसली तर चमचाभर पाण्यात टाकून पाहावी. पाणी लगेच हिरवे झाले तर ती रंगवलेली आहे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. कपाशीच्या धुऱ्यावर सोप लावू नये आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कुंडी म्हणून वापरू नयेत, धुऊनसुद्धा नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष काय करते हे यवतमाळच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

कोवळा पाला वरणात, ताकात छान लागतो. दाणे कैरीच्या लोणच्यात, गुळाच्या चहात घालावेत. पण आमच्या मते सोपेची खरी जागा खिशातल्या डबीत आहे, जिथे आज खर्ऱ्याची पन्नी असते. तंबाखू घातकच; पण नुसती सुपारीदेखील कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. दोन वाट्या सोपेवर मिठाचे पाणी व लिंबू शिंपडून ती वाळवावी, मंद आचेवर भाजावी. एक वाटी जवस, अर्धी वाटी तीळ, दोन चमचे ओवा वेगवेगळे भाजून त्यात मिसळावे. सोप खाऊन व्यसन सुटते असे आम्ही म्हणणार नाही. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंडाला काम मिळते, इतकेच. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. तोंड तीन बोटे उघडत नसेल, पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर शासकीय रुग्णालयात लगेच दाखवावे.

आता तान्ह्या बाळाचे. पोट दुखते म्हणून सोपेचे पाणी, घुटी, उगाळलेले चक्रफूल देण्याची रीत अनेक घरांत आहे. आजीबाई प्रेमानेच देतात. पण परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, हे कालाम सुत्त आपण विहारात ऐकतो, ते घरातही लागू आहे. सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. चक्रफुलाची तर एक विषारी जपानी जात आहे, वाळल्यावर दोन्हींत डोळ्यांनी फरक कळत नाही. असा काढा दिल्याने बाळांना झटके आल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये तो पिऊ नये असा इशारा दिला होता.

बाळंतिणीने मात्र सोप आणि मूगडाळ घातलेली शेपूची भाजी आवडीने खावी. दूध वाढते ते बाळाला वरचेवर पाजल्याने. बाळ सतत रडत असेल, दूध ओढत नसेल, ताप किंवा हिरवी उलटी असेल, तर घरात काही न उगाळता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. रात्र असेल तर १०८ वर फोन करावा.