रिपोर्टमधला तो एक शब्द

मने, बाळाचा रिपोर्ट वाचला. 'नॉर्मल फ्लोरा' आणि खाली 'नो पॅथोजेन आयसोलेटेड'. तू घाबरून लिहिलंस, "ताई, यात जंतू आहेत!" अगं, शीच्या कल्चरमध्ये जंतू नसते तर मला काळजी वाटली असती. आतड्यात ते असायचेच. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या.

पॅथोजेन म्हणजे रोगकारक, रोगजनक. मूळ शब्द ग्रीक आहेत: 'पॅथॉस' म्हणजे यातना आणि 'जेन' म्हणजे जन्म देणारा. आपला 'रोगजनक' त्याला तंतोतंत जुळतो. जंतू हा मोठा गोतावळा आहे, त्यात दही लावणारेही आले. त्यातले जे आजार घडवतात, तेवढेच रोगजनक. मग तो टायफॉइडचा जिवाणू असो, डेंग्यूचा विषाणू असो की नायट्याची बुरशी. डेंग्यूचा डास मात्र रोगजनक नाही बरं का, तो वाहक. पेपरांतसुद्धा ही गल्लत होते आणि मला ती खुपते.

खरी गंमत ई. कोलायची. आतड्यात तो बहुतेक वेळा गुण्यागोविंदानं नांदतो. तोच मूत्रमार्गात शिरला की जळजळ, ताप. गेल्या वर्षी तुला झालं होतं ना, लघवीच्या अशा संसर्गात बहुतेकदा तोच सापडतो. शिवाय त्याच्या काही जाती आतड्यातच जुलाब घडवतात. म्हणजे नुसतं नाव वाचून भागत नाही. कुठली जात, कुठे सापडली, हे बघावं लागतं. कॉलऱ्याचंही तसंच. रॉबर्ट कोखनं 1884 मध्ये कलकत्त्यात तो स्वल्पविरामासारखा जिवाणू रुग्णांमध्ये आणि तळ्याच्या पाण्यातही दाखवला. पण त्या कुळातले सगळेच साथ आणत नाहीत, विष तयार करणारे तेवढे आणतात.

आता नीट ऐक. 'पॅथोजेन नाही' याचा अर्थ लॅबनं ज्या ठरावीक जिवाणूंचा शोध घेतला, ते उगवले नाहीत. विषाणू या कल्चरमध्ये उगवतच नाहीत, आणि लहान मुलांचे जुलाब पुष्कळदा त्यांचेच असतात. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट आतड्यातले आपले जंतू त्यात मरतात. म्हणून शेजारच्या काकूंनी दिलेली ती अँटिबायोटिकची उरलेली बाटली उघडू नकोस, माझी शपथ आहे तुला. रिपोर्ट डॉक्टरांना दाखव आणि विचार, "कशामुळे झालं असेल? औषध नेमकं कशावर देताय?" असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

तोवर ओआरएस घोट घोट पाजत राहा, अंगावरचं दूध चालू ठेव. शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडलं, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, तडक दवाखाना गाठ. रात्री शी किती वाजता, किती वेळा झाली ते कागदावर लिहून ठेव. सकाळी सातला फोन करते.