क्रिकेट खेळणारा डॉक्टर : मेहलाशा पावरी



धानाची कापणी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्यांत क्रिकेट सुरू होतं. आणि मग शाळेत आई येते, "मॅडम, पोट्टा दिवसभर बॅट घेऊनच राहाते, याचं कसं व्हायचं?" मागच्या वर्षी अशाच एका तक्रारीवरून मी पाचवीतल्या मुलाची बॅट कपाटात ठेवून दिली. दोन दिवस तो शाळेतच आला नाही. तिसऱ्या दिवशी बॅट परत दिली आणि परिपाठात डॉ. मेहलाशा पावरी यांची गोष्ट सांगितली.

पावरींचा जन्म 1866 चा, नवसारीचा. मुंबईतले पारशी तरुण तेव्हा मैदानावर हौसेने क्रिकेट खेळत. हौशी म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा. त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी आणि पगारी खेळाडू वेगळे मानत, मैदानात उतरायची त्यांची दारंसुद्धा वेगळी असत! (प्रसिद्ध डब्ल्यू. जी. ग्रेस हे हौशीच आणि डॉक्टरही. पण या 'हौशी' ग्रेसनी क्रिकेटवर भरपूर पैसा कमावला, हेही मुलांना सांगा.)

पारशी संघ 1886 मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा 28 सामन्यांत एकच जिंकला. 1888 च्या दुसऱ्या दौऱ्यात पावरी होते. या वेळी 31 पैकी 8 जिंकले, 11 हरले, 12 अनिर्णित राहिले. वेगवान गोलंदाज पावरींनी एकट्याने 170 बळी घेतले.

मुलांना सर्वात जास्त आवडला तो जानेवारी 1890 चा मुंबईतला सामना. समोर जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्रज संघ. दुसऱ्या डावात पावरींनी 34 धावांत 7 गडी बाद केले, इंग्रज 61 धावांत संपले आणि पारशी 4 गडी राखून जिंकले. व्हर्नन यांच्या संघाचा त्या दौऱ्यातला हा एकमेव पराभव. राज्य इंग्रजांचं, खेळ इंग्रजांचा. विचार करा, मैदानावर काय वातावरण असेल!

पावरी पुढे मुंबईत डॉक्टर म्हणून काम करत राहिले. 1895 मध्ये लॉर्ड्सवर मिडलसेक्सकडून एक सामना खेळले, 1901 मध्ये 'पारसी क्रिकेट' हे पुस्तक लिहिलं. एकाच माणसाच्या हातात चेंडू, औषध आणि लेखणी.

पालकांना मी असं सांगत नाही की पोरगा खेळला म्हणून डॉक्टर होईल. तसं होत नसते. पण बॅट काढून घेतली की तो पुस्तक उघडेल, हेही खरं नाही. ते मी पाहिलं आहे.

वर्गात 8, 11 आणि 12 ची बेरीज करून 31 येतात का ते तपासायला लावा. मग मुलांना स्वतःच्या सामन्याचा धावफलक वहीत लिहू द्या. आमच्या त्या मुलाने चार पानं भरली. शुद्धलेखनाच्या चुका खूप होत्या, धावांची बेरीज मात्र बरोबर होती.