न आलेले पत्र

विलेपार्ल्याच्या मुलांना विमानाचे नवल वाटत नाही. सांताक्रूझचा विमानतळ अगदी शेजारी. वर्गात मराठीचा तास चालू असतो, तेवढ्यात डोक्यावरून विमान जाते आणि बाईंना वाक्य अर्धवट सोडून थांबावे लागते. पश्चिमेला जुहूचा जुना विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एक लहानसे विमान स्वतः चालवत अहमदाबादमार्गे तेथे उतरले. विमानात होते ते टपाल, सुमारे २५ किलो पत्रे!

पत्राला उर्दूत तुम्ही खत म्हणता. मराठीत खत शेतात घालतात. ऐकून हसू येईल. पण घर विकत घेताना करतात त्या ‘खरेदीखता’त तुमचे खत अजून टिकून आहे.

एरवी पत्र आले नाही, तर आपण थोडे रुसतो आणि विसरतो. युद्धाच्या दिवसांत तसे नसते. पश्चिम सीमेवरील जवानाला पत्र पाठवताना पाकिटावर त्याच्या गावाचे नाव नसते. नाव, क्रमांक, तुकडी आणि ‘५६ ए.पी.ओ.’ एवढेच लिहायचे. तो कोठे आहे हे घरच्यांनाही कळत नाही. पत्र आले म्हणजे तो जिवंत आहे, एवढे मात्र कळते.

शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकाला युद्धकैदी म्हणतात. त्यालाही पत्र लिहिण्याचा हक्क आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार, छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवू दिले पाहिजे. पुढे दरमहा निदान दोन पत्रे आणि चार कार्डे. त्यांना टपालखर्चही पडत नाही.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबरला पडले आणि ते कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीतून दोन सोबत्यांसह ते निसटले, अफगाण सरहद्दीजवळ पुन्हा पकडले गेले. ती हकिकत मोठी गमतीची आहे, पण ती पुन्हा कधीतरी. १ डिसेंबर १९७२ रोजी ते मायदेशी परतले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे तसे झाले नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड येथील विमानतळावर हल्ला करताना त्यांचे सुखोई विमान पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती, माहेरच्या सुभेदार, या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला. लग्नाला सुमारे दीड वर्ष झाले होते. जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी तिकडच्या एका वृत्तपत्रात आली, तिच्यात तांबे या नावाशी मिळतेजुळते एक नाव होते. मग कार्ड यायला हवे होते. ते आले नाही. युद्धकैदी परतले, त्यांतही विजय नव्हते.

मृत्यूची बातमी आली, तर माणूस रडतो आणि केव्हातरी उठून कामाला लागतो. बेपत्ता माणसाच्या घरी हेही घडत नाही. उर्दूत ‘लापता’ म्हणतात. ज्याचा पत्ताच नाही, त्याला पत्र पाठवायचे तरी कोठे?

दमयंतीबाईंनी दुसरे लग्न केले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी क्रीडा विभागात नोकरी केली आणि बेपत्ता सैनिकांच्या इतर कुटुंबांबरोबर सरकारदरबारी अर्ज केले. अशी ५४ नावे होती. आपल्या तुरुंगांत यांपैकी कोणी नाही, असे पाकिस्तानने सांगितले. शेवटी जून २००७ मध्ये चौदा नातेवाइकांना तेथील तुरुंग पाहण्याची परवानगी मिळाली. छत्तीस वर्षांपूर्वी जे कार्ड यायचे होते, त्याचा शोध घेण्यासाठी दमयंतीबाई स्वतः सरहद्द ओलांडून गेल्या. त्या तुरुंगांमध्ये विजय सापडले नाहीत.